अर्ध्या चंद्राचे मार्क

९ जुलै

प्रिय वहिनी,

तुझी तक्रार पोचली. फोनवर मी ‘हो, बरं, ठीक’ यापलीकडे बोलत नाही म्हणतेस. अगं, दादा तुझ्या शेजारी बसून दर वाक्याला ‘काय म्हणतेय? काय म्हणतेय?’ करत असतो, मग मी बोलणार काय! म्हणून हे पत्र घरी न पाठवता तुझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या पत्त्यावर पाठवतेय. तुझे शिकाऊ गाडी भिंतीला लावून परत येईपर्यंत वाचून होईल.

नोकरी चांगली आहे. करार फक्त या सत्राचा, पण विषय माझा: खगोलशास्त्राची तोंडओळख. कुठल्याही शाखेच्या पोरांना घेता येतो. अर्ध्यांनी घेतला कारण त्या वेळेला दुसरा तास रिकामा नव्हता. उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना वाटलं, मी भविष्य सांगायला शिकवणार. एकानं पहिल्याच दिवशी तळहात पुढे केला. म्हटलं, “हात खाली घे, मान वर कर.”

मान वर करून दिसणार मात्र छतच. आमचा वर्ग तळघरात आहे, खिडकी एकही नाही. आकाश शिकवायला कॉलेजनं बरोबर जागा शोधून दिलीय.

पहिल्या तासाला सगळ्यांना चिठ्ठीवर लिहायला सांगितलं, चंद्र कमी-जास्त का दिसतो? जवळजवळ सगळ्यांचं उत्तर एकच: त्याच्यावर पृथ्वीची सावली पडते. चिठ्ठ्या मी जपून ठेवल्या. काल दुपारच्या तासाला सगळ्यांना वर मैदानात नेलं. सूर्य पश्चिमेकडे कलला होता आणि पूर्वेला भर उन्हात चंद्र होता, अर्ध्याहून थोडा मोठा. निम्म्या वर्गाला दिवसा चंद्र दिसतो हेच माहीत नव्हतं! म्हटलं, “चंद्राकडे तोंड करा. आता तुमची सावली कुठे पडलीय ते बघा.”

वर्गात एक बाई आहेत, चाळिशी ओलांडलेल्या. सकाळी लाँड्रीत काम करतात आणि दुपारी अर्धवट सुटलेली पदवी पुरी करायला येतात. सगळी पोरं त्यांना काकू म्हणतात, एकदा चुकून मीही म्हटलं. काकूंनी पायापुढच्या सावलीकडे पाहिलं, चंद्राकडे पाहिलं, परत सावलीकडे पाहिलं. म्हणाल्या, “मॅडम, सावली तर जमिनीत चाललीय. पृथ्वीचीही अशीच, सूर्याच्या पाठमोरी पडत असणार. मग ती तिकडं वर चंद्रावर जाईल कशाला?”

वहिनी, या एका वाक्यासाठी मी दहा वर्षं शिकले असं वाटलं मला. मग बाकीचं सोपं होतं. चंद्राची अर्धी बाजू कायम उन्हात असते. तो आपल्याभोवती फिरतो, तसा त्या उजळ बाजूचा कधी जास्त, कधी कमी भाग आपल्याला दिसतो. बस. सावली पडते ती फक्त ग्रहणात.

तेवढ्यात एक पोरगा म्हणाला, “पण पुस्तकात तर सावलीच लिहिलंय.” आणि खरंच लिहिलंय. पुस्तक आमच्या विभागप्रमुखांचं आहे. तेच, दादाला शिकवायला होते ते सर. पोरांनी त्यांचं नाव धूमकेतू ठेवलंय. क्वचित उगवतात आणि शेपूट मोठं.

तुझी,
धाकटी


२१ जुलै

प्रिय वन्सं,

पत्र आलं तेव्हा मी गाडीत होते. शेजारी एक बँकेतले साहेब, वळणावर तिसऱ्या गिअरमध्ये. आमच्या मालकिणीनं खिडकीतून लिफाफा नाचवत आरोळी ठोकली, “आलं गं तुझं प्रेमपत्र!” साहेब तिकडे बघायला लागले आणि गाडी पदपथावर. माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो म्हणून हे उत्तर तुला मिळतंय.

खरं सांगू का, मलाही सावलीच वाटायची. कुणी सांगितलं होतं आठवत नाही. वाटायची एवढं खरं.

रात्री जेवताना ह्यांना सहज विचारलं, “चंद्र अर्धा का होतो हो?” मान वर न करता म्हणाले, “पृथ्वीची सावली.” म्हटलं, “तुमची बहीण तर नाही म्हणते.” तेव्हा मान वर झाली. “सरांनी शिकवलंय आम्हाला. ती काय सरांना खोटं पाडतेय?” मग हात वाळेपर्यंत बसून राहिले. शेवटी निरोप दिला तो जसाच्या तसा लिहिते: कायमच्या जागेची जाहिरात हिवाळ्याच्या तोंडावर निघणार आहे, मुलाखतीला सर असणार आहेत, तोवर तिला म्हणावं पाण्यात राहून माशाशी वैर करू नको. मी म्हटलं, मासा कसला, धूमकेतू आहे तो. हसले नाहीत.

मी तुला उपदेश करत नाही. एवढंच विचारते, तू मैदानात काय शिकवलंस ते सरांना कुणी सांगितलं नाही ना?

काकूंना माझा नमस्कार सांग. अशी एखादी माझ्याकडे गाडी शिकायला आली तर मी आठवड्यात तिला हमरस्त्यावर सोडेन.

तुझी वहिनी


२२ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

दोन महिने पत्र नाही म्हणून रागावू नकोस. परीक्षा झाली.

पेपर सरांनी काढला होता, सगळ्या तुकड्यांना एकच. मोठा प्रश्न होता: चंद्राच्या कला कशामुळे होतात ते आकृतीसह स्पष्ट करा. मला आनंद झाला. तपासायला बसले तेव्हा नमुना उत्तरपत्रिका हातात आली. पृथ्वीची सावली. खाली ‘हेच उत्तर ग्राह्य धरावे’ आणि आम्हा तपासनीसांच्या सह्यांसाठी जागा.

मी कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. म्हटलं, “सर, हे उत्तर चुकलंय.”

सर छान हसले. “मॅडम, हे पुस्तक तुमच्या जन्माच्या आधीपासून चालतंय.”

“चंद्र त्याच्याही आधीपासून चालतोय, सर.”

बोलून गेले. हसणं थांबलं. मी म्हटलं, पाच मिनिटं द्या, फळ्यावर दाखवते. ते म्हणाले, फळ्यावर काय दाखवायचं ते पुस्तक ठरवतं. पोरं पुस्तक वाचून येतात, तुमच्यासारखं एकेकानं मनचं शिकवायला लागलं तर विभाग चालायचा कसा? सही करा आणि कामाला लागा.

“सही नाही करणार मी.”

“तुमचा करार कधी संपतो?”

“सत्राबरोबर.”

“हं,” म्हणाले, आणि शिपायाला चहा आणायला सांगितला. एकच कप.

मी माझा गठ्ठा बरोबर उत्तराला मार्क देऊन तपासला. दोन दिवसांनी तो गठ्ठा दुसऱ्या कुणीतरी पुन्हा तपासला. ज्यांनी मैदानात पाहिलेलं लिहिलं त्यांना त्या प्रश्नाला शून्य. माझ्या वर्गातले बरेच त्यापायी नापास झाले. पुस्तकातली सावली पाठ करून आलेले पास.

काकूही नापास. त्यांची उत्तरपत्रिका मी पाहिली. आकृतीत सूर्य, चंद्र आणि मध्ये पृथ्वीवर उभी एक बाई काढलीय, तिची सावली जमिनीत जातेय. त्या आल्या माझ्याकडे. म्हणाल्या, “मॅडम, नापास व्हायचं मला नवीन नाही. पण एवढं सांगा, मी चुकले का?”

“नाही.”

“मग झालं तर. आता भांडायला मोकळी.”

त्यांनी आणि पोरांनी फेरतपासणीचे अर्ज दिलेत. बाकी सगळं ठीक आहे. दादाला काही सांगू नकोस.

धाकटी


२९ सप्टेंबर

प्रिय वन्सं,

‘बाकी सगळं ठीक आहे’ वाचलं आणि पत्र परत पहिल्यापासून वाचलं. ठीक असतं तेव्हा तू कधी तसं लिहीत नाहीस, सर्दीसुद्धा सविस्तर लिहितेस.

दादाला सांगू नको म्हणालीस आणि मी सांगितलं. दिवसभर मनात घोळत होतं, जेवायला वाढताना तोंडातून निघून गेलं. ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहिले.

आता माझं ऐक. रागावलीस तरी चालेल. रस्त्यावर समोरचा चुकीच्या बाजूनं अंगावर आला तर मी माझ्या शिकाऊंना सांगते, ब्रेक आपण लावायचा. चूक त्याची, पण हाड आपलं मोडतं. तू बरोबर आहेस याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण सही केली नाहीस तर सत्र संपताच तुझा करार संपणार, आणि पुढच्या वर्षीच्या पोरांना कोण शिकवणार? तोच धूमकेतू, तेच पुस्तक. त्यापेक्षा आज सही कर, कायम हो, मग फाड की ते पुस्तक पानन्‌पान!

आणि एक विचारते, नीट विचार करून उत्तर दे. तुला पोरांना शिकवायचंय की सरांना हरवायचंय?

तुझी वहिनी


५ ऑक्टोबर

वहिनी,

तुझा प्रश्न लागला. चार दिवस उत्तर लिहायला बसत होते आणि उठत होते.

सरांना हरवायचंय का? हो, थोडं हरवायचंय. तो एकच कप चहा अजून डोक्यात आहे. पण तेवढंच असतं तर मी सही करून त्यांच्या पाठीमागे त्यांची नक्कल केली असती, स्टाफरूममध्ये सगळे तेच करतात.

ब्रेकचं तुझं पटलं. आता माझं ऐक. तू एखाद्या शिकाऊला लाल दिव्याला थांबायला शिकवलंस, तो थांबला, आणि परीक्षा घेणाऱ्यानं थांबला म्हणून त्याला नापास केलं. त्या निकालाखाली तू सही करशील? मी काकूंना म्हटलं होतं, पुस्तकावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही ठेवू नका, मान वर करून बघा. त्यांनी बघितलं आणि बघितलं तेच लिहिलं. आता मी त्यांच्या शून्याखाली माझं नाव घालू? आज सही करून उद्या पुस्तक फाडणारे मी पुष्कळ पाहिलेत. त्यांचा उद्या उजाडत नाही.

दुसरी गोष्ट. काल सरांनी बोलावलं. या वेळी चहाचे दोन कप होते. म्हणाले, “तुमच्या दादाचा फोन आला होता. गुणी विद्यार्थी. म्हणाला, बहीण जरा हट्टी आहे, पण सही करेल, शब्द देतो.” नमुना उत्तरपत्रिकेवर माझ्या सहीची जागा अजून रिकामी होती, आणि टोपण काढून पेन माझ्यापुढे ठेवलं होतं.

मी टोपण लावून पेन परत दिलं.

दादानं माझा शब्द कुणाला विचारून दिला? तुला हे माहीत होतं का? खरं काय ते लिही.

धाकटी


१० ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

माहीत नव्हतं. माझ्या गाडीची शपथ घेऊन सांगते, नव्हतं.

पत्र वाचलं, उरलेले दोन शिकाऊ उद्यावर ढकलले आणि भर दुपारी ह्यांच्या ऑफिसात गेले. सगळ्यांसमोर बोलायला नको म्हणून जिन्यात बोलावलं. पत्र हातात दिलं. वाचून म्हणाले, “मी तिच्या भल्यासाठी केलं.” म्हटलं, “भलं करायचं तर तिला विचारून करायचं.” तर म्हणाले, “सरांनी आम्हाला हेच शिकवलं आणि आम्ही काही मेलो नाही.” मला इतका राग आला की जिन्यावरून मी दोन पायऱ्या खाली उतरले, नाहीतर काय बोलले असते कुणास ठाऊक.

मग ते हळूच म्हणाले, “ती आपल्याकडे राहत होती, नोकरी नव्हती तेव्हा. रोज सकाळी पेपर आला की आतलं पान काढून न्हाणीघरात घेऊन जायची. तुला वाटायचं, तिला शब्दकोडं आवडतं.”

मला तसंच वाटायचं गं.

“ती नोकरीच्या जाहिराती वाचायची,” म्हणाले. “बाहेर आली की चेहरा धुतलेला असायचा. मला तो चेहरा परत बघायचा नाही.”

मला वाईट वाटलं. पण राग गेला नाही, दोन्ही एकदम होतं माणसाला. म्हटलं, सरांना परत फोन करा आणि शब्द मागे घ्या. नाही म्हणाले. जमणार नाही, सरांपुढे माझी जीभ उचलत नाही. तेव्हा मीच त्यांचा मोबाइल घेतला आणि लावला.

“नमस्कार सर, मी तिची वहिनी बोलतेय. आमच्या ह्यांनी जो शब्द दिला तो त्यांचा होता. तिचा नव्हे. ती सही करणार नाही.”

पलीकडून आवाज आला, “तुम्ही काय करता?”

“गाडी शिकवते.”

“मग चंद्राच्या भानगडीत कशाला पडता?”

“पडत नाही सर. आरशात बघते आणि सांगते, मागून गाडी येतेय.”

फोन ठेवला आणि पायरीवर बसले. ह्यांनी पाणी आणून दिलं.

माझा आधीचा सल्ला मागे घेते. ब्रेक लावू नकोस. ॲक्सिलरेटर दाब.

तुझी वहिनी


१८ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

तुझा फोन विभागात गाजतोय. सरांनी स्टाफरूममध्ये सांगितलं, “हिची वहिनीसुद्धा मला धमक्या देते.” मला दोन जणांनी गुपचूप विचारलं, वहिनी क्लास घेतात का.

काल फेरतपासणी समितीची बैठक झाली. सकाळची. प्राचार्य, सर आणि बाहेरून आलेल्या गणिताच्या एक निवृत्त बाई, चष्मा कपाळावर ठेवून बोलणाऱ्या. मला आणि अर्जदारांच्या वतीनं काकूंना आत बोलावलं होतं. बाकी पोरं बाहेर मैदानात.

प्राचार्यांनी आधीच तोडगा काढून ठेवला होता. प्रश्न रद्द करायचा आणि त्याचे पूर्ण मार्क सगळ्यांना द्यायचे. सगळे पास, कुणीच चूक नाही. सरांनी मान हलवली. प्राचार्य माझ्याकडे वळले, “झालं ना समाधान? तुमचीही पोरं पास. करा सही.”

वहिनी, तो क्षण अवघड होता. काकू पास होत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं. काकू उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “साहेब, मला फुकटचे नकोत. माझे मला द्या.”

प्राचार्यांना कळेना. म्हणाले, “अहो, मार्क ते मार्कच!”

“असं कसं? सावलीला पण तेवढेच आणि खऱ्याला पण तेवढेच, तर मग मी मैदानात उन्हात उभी राहिले कशाला?”

मग मी बोलले. प्रश्न रद्द करणार असाल तर माझी सही नाही. प्रश्न चांगला आहे. उत्तर चुकलंय. सर म्हणाले, हे तुमचं मत. मी म्हटलं, मत नाही, खिडकीबाहेर आहे.

आणि होताच! पश्चिमेला अर्धा चंद्र, फिकट, शाळेतल्या खडूसारखा. पूर्वेला सूर्य बराच वर चढलेला. खाली मैदानात आमची पोरं उन्हात उभी होती आणि प्रत्येकाच्या हातात काहीतरी गोल. मी सांगितलेलं नव्हतं. काकूंनी पिशवीभर संत्री आणली होती, कुणाकडे चेंडू, कुणाकडे कांदा, एकाकडे तर उकडलेलं अंडं. हात लांब करून चंद्राच्या शेजारी धरलेलं.

गणिताच्या बाई खिडकीपाशी गेल्या. “हे काय चाललंय?”

सर म्हणाले, “तमाशा.”

काकूंनी पिशवीतलं संत्रं काढून बाईंच्या हातात दिलं. “तुम्हीच बघा. असं चंद्राच्या बाजूला धरा.”

बाई खाली उतरल्या. आम्ही सगळे मागोमाग. सरही आले, पण पायरीवरच थांबले. बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला, संत्रं चंद्राच्या शेजारी धरलं. तेच ऊन चंद्रावर, तेच संत्र्यावर. चंद्र जेवढा उजळ, संत्रं तेवढंच उजळ, अर्धं, आणि त्याच बाजूनं. बाईंनी हात खाली घेतला, परत वर केला. मग आपल्या पायाशी पाहिलं. सावली चंद्राच्याच दिशेला पडली होती, पण जमिनीवर, आणि चंद्र तिच्या कितीतरी वर. म्हणाल्या, “मी चाळीस वर्षं भूमिती शिकवली आणि हे एकदाही पाहिलं नाही.” आणि पायरीकडे वळून, “सर, या की. संत्रं आहे अजून.”

सर आले नाहीत. म्हणाले, “मला वर्गातल्या गोष्टी वर्गात बोलायची सवय आहे.”

परत आत गेल्यावर बाईंनी मला विचारलं, “मग ज्यांनी पुस्तक वाचून सावली लिहिली त्यांचं काय करायचं? त्यांचा काय दोष?” मी म्हटलं, काहीच नाही, दोष आपला आहे. त्यांना नापास करू नका. पुन्हा शिकवू आणि हा एक प्रश्न पुन्हा विचारू. ज्यांनी बरोबर लिहिलंय त्यांना त्यांचे मार्क आज द्या.

बाईंनी तसंच लिहून घेतलं. प्राचार्यांनी सही केली. सरांनी ‘असहमत’ लिहून केली. मीही केली, वहिनी. या कागदावर केली.

काकू पास आहेत. त्यांचे त्यांना मिळाले.

संध्याकाळी प्राचार्यांनी मला एकटीला बोलावून सांगितलं, करार वाढवता येणार नाही. कारण दिलं नाही, मी विचारलं नाही. मैदानातून जाताना रडू येईल असं वाटलं होतं, पण भूक लागली. उरलेली दोन संत्री खाल्ली.

धाकटी


३० ऑक्टोबर

चि. धाकटीस,

मला पत्र लिहायची सवय फक्त ऑफिसातली. हे अर्जासारखं वाटलं तर चालवून घे.

विषय: माझा फोन.

तुझं पत्र तुझ्या वहिनीनं मला वाचून दाखवलं. अंड्याच्या जागी हसली आणि करारापाशी थांबली. उरलेलं मी माझं वाचलं.

आज मी सरांना फोन केला. म्हटलं, “सर, मी तुमचा विद्यार्थी. तुम्ही शिकवलंत ते मी एकदाही मान वर करून तपासलं नाही, तो माझा आळस. पण बहिणीच्या तोंडून बोललो तो आगाऊपणा. तो मागे घेतो.” सर म्हणाले, “तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती.” मी म्हटलं, “माझीही नव्हती सर.” त्यांनी फोन ठेवला. माझी जीभ उचलली, एवढं नमूद करतो.

कायमच्या जागेची जाहिरात आजच्या पेपरात आहे, कात्रण सोबत जोडलंय. अर्ज कर. ते घेणार नाहीत, हे तुलाही कळतं आणि मलाही. तरी कर. मुलाखतीला मी बरोबर येतो. बाहेर बाकावर बसेन, बोलणार नाही.

तुझा दादा


३० जानेवारी

प्रिय दादा, प्रिय वहिनी,

हे पत्र घरच्या पत्त्यावर. आता लपवायचं काय राहिलंय!

वहिनी, मुलाखतीचं दादानं तुला सांगितलं असेलच, पण तो बाहेर बाकावर होता, आतलं मी सांगते. सर शेवटी बोलले. “एवढं सगळं झाल्यावर तुम्हाला याच विभागात का यायचंय?” मी म्हटलं, “तुमच्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निघायचीय, म्हणून.” एकाला खोकल्याची उबळ आली. मला वाटतं ते हसू होतं.

निकाल अपेक्षेसारखाच लागला. कायमच्या जागेवर दुसऱ्यांची नेमणूक झाली. गृहस्थ चांगले आहेत, त्यांचा विषय उष्णता. मी सामान बांधायला घेतलं होतं, तेवढ्यात प्राचार्यांच्या कार्यालयातून फोन. नव्या सत्राला खगोलशास्त्राला इतकी नावं आलीत की तळघर पुरेना. काकू आणि पोरांनी कॉलेजभर सांगत सुटून हे केलं. आणि नव्या गृहस्थांनी सरळ सांगितलं, मला आकाशातलं काही येत नाही, चुकीचं शिकवणार नाही. प्राचार्य फोनवर म्हणाले, “एका सत्राचाच करार देऊ शकतो. आणि जरा जपून.” मी म्हटलं, करार चालेल.

तेव्हा दादा, कायम नाही झाले. वर्गात आहे. वर्ग आता वरच्या मजल्यावर, खिडक्या चार.

पुस्तक अजून यादीत आहे. आज आम्ही ऋतूंच्या प्रकरणापाशी आलो. त्यात लिहिलंय, सूर्य जवळ येतो म्हणून उन्हाळा होतो आणि लांब जातो म्हणून हिवाळा. मी एका पोरीला मोठ्यानं वाचायला लावलं. मग विचारलं, “आपल्याकडे आत्ता थंडी आहे. पृथ्वीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात आत्ता काय चाललंय?” मागून कुणीतरी म्हणालं, उन्हाळा. “मग सूर्य आत्ता जवळ आहे की लांब?”

वर्ग गप्प झाला. पोरांना गप्प झालेलं पाहिलं की मला फार बरं वाटतं, आत काहीतरी चालू झालेलं असतं. तेवढ्यात पहिल्या बाकावरच्यांच्या माना दाराकडे वळल्या.

दारात सर उभे होते. हातात त्यांचंच पुस्तक होतं, बोट त्याच पानात. किती वेळ उभे होते माहीत नाही. पोरं माझ्याकडे बघायला लागली, आता मॅडम काय करतात. दादा, तू असतास तर उठून उभा राहिला असतास. वहिनी, तू हॉर्न वाजवला असतास.

मी म्हटलं, “या सर. मागच्या बाकावर जागा आहे.”

ते बसले नाहीत. पण गेलेही नाहीत. मी फळ्याकडे वळले, पृथ्वीचा आस तिरका काढला आणि पुढे शिकवायला लागले.

तुमची,
धाकटी